पुढच्या चाकांचं कुलूप

मैत्रिणींनो, घरात गाडी घ्यायची ठरली की आपल्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न कोणता? 'रंग कुठला घ्यायचा?' फार तर सीटकव्हर! इंजिन, गिअर, टायर हा सगळा प्रांत पुरुषमंडळींचा. पैसे मात्र सगळ्या घराचे. सोनं घेताना आपण चार दुकानं पालथी घालतो, घडणावळ किती, घट किती, विचारून सोनाराला भंडावून सोडतो. मग गाडीत एखादा महागाचा भाग बसवायचा असेल तर 'हा नक्की करतो काय?' एवढं विचारायला आपण का कचरतो?

हा प्रश्न मनात आला, कारण आमच्या घरात वर्षभर एकच विषय गाजत होता. विषयाचं नाव, 'फ्रंट डिफरन्शिअल लॉकर'. नाव ऐकून पान उलटू नका हं! सोपं करून सांगते. आणि ज्यांच्या घरी जीप आहे, ट्रॅक्टर आहे, किंवा ज्यांची लेक-सून आडरस्त्याला गाडी नेते, त्यांच्या तर हे नक्की उपयोगाचं आहे.

आम्ही नावड्याचे. पनवेलच्या अलीकडे, तळोजा एमआयडीसीला खेटून आमचं गाव. दिवा-पनवेल मार्गावर 'नावडे रोड' नावाचं छोटंसं स्टेशन आहे. आता सिडकोच्या इमारती झाल्या, २०१६ पासून पनवेल महापालिका आली, पण रस्त्यावर दिवसरात्र टँकर, ट्रेलर आणि टिपर यांचीच वर्दळ. आमच्या ह्यांची सगळी उमर टिपर चालवण्यात गेली. सून गुरांची डॉक्टर. माथेरानच्या डोंगराखाली ज्या वाड्या-पाडे आहेत, तिथली गाई-म्हशी, शेळ्या ही तिची पेशंट. गाय अडली की ती काही पाऊस थांबायची वाट बघत नाही. म्हणून सुनेनं २०१६ सालची, वापरलेली महिंद्रा थार घेतली. तीही स्वतःच्या पैशानं.

गेल्या पावसाळ्यात संध्याकाळच्या वेळी ती एका ओढ्याच्या काठावर अडकली. ओढा पार झाला होता. पलीकडचा चढ मात्र चिखलाचा, आणि वर चढताना वाटेत पायरीसारखा दगड. गाडीचं पुढचं डावं चाक हवेत लटकलं आणि गरगर फिरत बसलं. उजवं चाक दगडाला टेकून गप्प. मागची दोन्ही चाकं फिरत होती, पण ओल्या मातीत नुसती घसरत होती. शेवटी वाडीतल्या माणसांनी दोर लावून गाडी ओढली. अडलेल्या गाईकडे ती दीड तास उशिरा पोचली. वासरू गेलं, गाय वाचली.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, पुढे लॉकर असता तर मी चढले असते."

मुलगा म्हणाला, "लगेच बसवू." मी म्हटलं, "थांबा रे, आधी मला समजू दे."

खळ्यातले बैल

माझं माहेर घाटावरचं, जुन्नर तालुक्यातलं. लहानपणी खळ्यात मळणी बघितलेली. मधल्या मेढीभोवती बैलांची पात फिरायची. मेढीजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा हळू चालायचा आणि सगळ्यात बाहेरच्या बैलाला भराभरा पाय उचलावे लागायचे. दोघांचा फेरा एकच, पण चाल वेगळी.

गाडी वळते तेव्हा चाकांचं अगदी हेच होतं. आतलं चाक थोडं अंतर कापतं, बाहेरचं जास्त. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असती तर वळताना एक चाक फरफटलं असतं. म्हणून एक्सलच्या मध्ये दातेरी चाकांची एक पेटी असते. गाडीखाली वाकून बघा, एक्सलच्या मध्ये नारळासारखा फुगीर गोळा दिसेल, तोच डिफरन्शिअल. इंजिनाचा जोर तो दोन्ही चाकांना वाटून देतो आणि दोघांना वेगवेगळ्या चालीनं फिरू देतो. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच कारागिरानं १८२७ च्या सुमाराला ही युक्ती वाफेच्या गाडीसाठी काढली. आज आपल्या रिक्षापासून टिपरपर्यंत सगळीकडे तीच चालते.

पण हा गोळा न्यायी आहे, हीच त्याची अडचण! तो दोन्ही चाकांना जोर सारखाच देतो. एक चाक हवेत गेलं की ते फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही. मग जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नावापुरता जोर मिळतो. एक चाक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म. सुनेच्या गाडीचं पुढून नेमकं हेच झालं होतं.

इथे मला एक गोष्ट कळली ती आधी कुणीच सांगितली नव्हती. 'फोर बाय फोर' म्हणजे चारही चाकं कायम जोर लावतात, असं आपण समजतो. साधे डिफरन्शिअल असतील तर अडचणीच्या वेळी पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच चाकं फिरत राहतात, आणि तीही बिनकामाची. लॉकर म्हणजे त्या गोळ्याला घातलेलं कुलूप. कुलूप लागलं की त्या एक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरणार. एक हवेत असलं तरी जमिनीवरचं चाक पूर्ण जोर घेऊन गाडी ओढणार.

हे सगळं ऐकून आमचे हे हसले. "अगं, एवढं काय त्यात? खदानीत टिपर रुतला की आम्ही बटण दाबून डिफ लॉकच लावायचो की!" आणि माझा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आपल्या ट्रॅक्टरलाही आहे. टाचेजवळचं छोटं पेडल. चिखलणीला एक चाक फिरत बसलं की ते दाबायचं." म्हणजे बघा, माहेरी-सासरी दोन्हीकडे ही वस्तू होती. मला तेवढी ठाऊक नव्हती.

मागे आहे, मग पुढे कशाला?

महिंद्रानं थार २०१० साली आणली. २०१५ च्या सुधारित थारमध्ये मागच्या एक्सलला आपोआप लागणारं यांत्रिक लॉक मिळू लागलं. सुनेच्या गाडीत ते आहे. एक मागचं चाक दुसऱ्यापेक्षा फारच जोरात फिरू लागलं की ते लागतं. चालकाला काही करावं लागत नाही.

लॉक एकच घ्यायचं तर आधी मागे, असं बहुतेक जाणकार सांगतात. कारण सोपं आहे. चढावर गाडीचं वजन मागे झुकतं, मागची चाकं जमिनीत दाबली जातात, पकड तिथे असते. शिवाय मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळे कुलूप लागलं तरी स्टिअरिंगला त्रास कमी.

मग पुढचं कधी लागतं? जिथे गाडीला मागून ढकलून भागत नाही, पुढून ओढावंच लागतं तिथे. दगडाची पायरी, ओढ्याचा तुटका काठ, तिरपे खड्डे. किंवा चढावर अडकून रिव्हर्स यायची वेळ आली तर.

पण पुढच्या कुलपाची किंमत नुसती पैशात मोजायची नसते, हे मी बजावून सांगते. पुढची चाकं वळणारी. त्यांना एकत्र बांधलं की गाडी सरळच जायचा हट्ट धरते. स्टिअरिंग जड होतं, वळायला जागा जास्त लागते. चाकं पूर्ण वळवून, कुलूप लावून जोरात ॲक्सिलरेटर दाबला तर चाकाजवळचा जॉइंट किंवा एक्सल तुटू शकतो. सुनेच्या थारसारखी, पुढची चाकं स्वतंत्रपणे खालीवर होणारी गाडी असेल तर ते जॉइंट आणखीच जपायला हवेत. आणि आडव्या उतारावर? साधा डिफरन्शिअल असला तर एक चाक घसरतं आणि दुसरं निदान जागा धरून राहतं. कुलूप असलं तर दोन्ही एकदम घसरू शकतात आणि गाडीचं नाक दरीकडे सरकतं. एकटीनं, अंधारात, पावसात गाडी चालवणाऱ्या बाईच्या घरच्यांनी हे आधी समजून घ्यायला नको का?

चार तऱ्हा

आम्ही तिघं-चौघं मिळून दोन-तीन गॅरेजं फिरलो. पहिल्या ठिकाणी सगळं बोलणं मुलाशी चाललं होतं, गाडी सुनेची असूनही! दुसऱ्या गॅरेजमधले मिस्त्री मात्र नीट बसून बोलले. "काकू, तुम्ही विचारा, मी सांगतो," म्हणाले. त्यांच्याकडून आणि वाचून जे समजलं ते असं.

पहिली तऱ्हा, चालकाच्या हातातलं कुलूप. खटका दाबला की लागतं, पुन्हा दाबला की सुटतं. एरवी गाडी नेहमीसारखी. हवेच्या दाबावर चालणारे लॉकर यात प्रसिद्ध आहेत. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचं नाव जीपवाल्यांच्या तोंडी असतंच. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर बसवावा लागतो. पण त्याच कॉम्प्रेसरनं टायरमध्ये हवाही भरता येते, हा वरचा फायदा. विजेवर लागणारेही असतात. आपल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीला तर पुढे आणि मागे दोन्हीकडे, चालकानं लावायची कुलपं कंपनीतूनच येतात. नवी गाडी घेणार असाल तर हा हिशेब आधी करा. नंतर बसवण्यापेक्षा असलेली गाडी घेणं कधीकधी परवडतं.

दुसरी, आपोआप लागणारं कुलूप. जोर पडला की लागतं, वळताना सुटतं. हे बहुधा स्वस्त पडतं, कारण त्यातले काही प्रकार जुन्याच गोळ्याच्या आतले दाते बदलून बसतात. ना हवा, ना वायर. पण पुढच्या एक्सलला असेल तर फोर बाय फोर लावल्यावर स्टिअरिंग हातात झगडतं आणि ओल्या वळणावर गाडी सरळ निघू बघते. 'आत्ता नको' असं त्याला सांगायची सोयच नाही!

तिसरी, मर्यादित घसरणीचा डिफरन्शिअल. हे पूर्ण कुलूप नव्हे. ज्या चाकाला पकड आहे त्याच्याकडे जास्त जोर वळवतो. स्टिअरिंगला मवाळ, म्हणून पुढे बसवायला पुष्कळांना आवडतो. पण यातल्या दातेरी प्रकारात चाक पुरतं हवेत लटकलं की त्याची मदत फार थोडी होते. आमची अडचण तर नेमकी तीच होती.

चौथी, ब्रेकची युक्ती. २०२० च्या नव्या थारमध्ये आणि २०२३ मध्ये आलेल्या मारुती जिम्नीत ही आहे. फुकट फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. स्टिअरिंगला त्रास नाही. मात्र आधी चाक फिरावं लागतं, मग मदत येते. बराच वेळ लागली तर ब्रेक तापतात. आणि ही युक्ती गाडी बनतानाच हवी, जुन्या गाडीत नंतर घालता येत नाही.

साडी स्वस्त, फॉल-पिको महाग

मिस्त्रींना मी जे प्रश्न विचारले ते तुम्हीही लिहून ठेवा.

हा लॉकर आमच्याच गाडीच्या, त्याच सालच्या पुढच्या गोळ्यात बसतो का? एक्सलच्या टोकाला खाचा असतात, त्यांची संख्या जुळली पाहिजे. 'बसेल हो, थोडं घासून बसवू' असं उत्तर आलं तर सरळ बाहेर पडा.

तुम्ही असे किती बसवलेत? गोळ्याच्या आतला मुख्य भाग बदलला की क्राउन आणि पिनियन या दोन दातेरी चाकांमधली फट पुन्हा मोजून ठेवावी लागते. ती चुकली तर गाडी चालताना हुंकारते आणि दाते झिजतात. म्हणून वस्तू कितीही उंची असली तरी हात कुणाचा, हे महत्त्वाचं.

एकूण खर्च किती? लॉकरची किंमत पहिल्यांदा सांगतात. कॉम्प्रेसर, पाइप, वायरिंग, ऑइल, मजुरी हे मागाहून निघतं. साडी स्वस्त, फॉल-पिको महाग, तसंच हे! सगळं एका कागदावर लिहून घ्या.

बिघडलं तर भाग कुठून येणार, किती दिवसांत? पावसाळ्याच्या मध्यावर गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडली तर काय उपयोग?

आणि शेवटचा, कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये ती अधोरेखित केली. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, उत्तर लेखी घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीलाही विचारा.

आमचं ठरलं ते असं

सुनेनं वहीत दोन रकाने केले. एकीकडे वर्षभरात गाडी कुठे कुठे अडली, दुसरीकडे तिथे कशानं सुटली असती. सात जागा निघाल्या. त्यातल्या चार ठिकाणी झिजलेल्या टायरांचा दोष होता. एका ठिकाणी टायरची हवा कमी केली असती तरी भागलं असतं. चिखलात हवा अठरा-वीसपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. पक्क्या रस्त्याला लागण्याआधी मात्र ती आठवणीनं भरायची. पुढच्या लॉकरशिवाय गत्यंतर नव्हतं अशा जागा दोनच. पण त्या दोन्ही तिच्या नेहमीच्या वाटेवरच्या.

म्हणून आधी चांगले टायर घेतले. ओढायचा मजबूत पट्टा, फावडं, आणि गाडीला पुढे-मागे पट्टा अडकवायचे भक्कम हूक. मग उरलेल्या पैशात, माझ्या भिशीचे घालून, पुढचा लॉकर. तोही खटक्याचाच, हवेवरचा. आपोआप लागणारा स्वस्त होता, पण सून म्हणाली, "आई, आडव्या उतारावर मला तो बंद करता आला पाहिजे." त्यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

वापरायचे नियम ह्यांनी सुनेकडून पाठच करून घेतले. अडकल्यावर नाही, अडकायच्या आधी, गाडी थांबवून किंवा अगदी रांगत असताना कुलूप लावायचं. मागचं आपलं आपण लागतंय का बघायचं, पुढचं सगळ्यात शेवटी. चाकं सरळ ठेवायची, ॲक्सिलरेटर हळू. अवघड जागा ओलांडली की वळायच्या आधी खटका बंद. डांबरी रस्त्यावर कधीच नाही. आडव्या उतारावर नाही. खोल पाण्यातून जाऊन आल्यावर गोळ्यातलं ऑइल तपासायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं, लगेच बदलायचं.

एक नियम माझा. कुलूप आहे म्हणून जिथे जायला नको तिथे जायचं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथवर गाडीरस्ताच नव्हता. बचावाला गेलेली माणसं पावसात, अंधारात डोंगर चालत चढली. जिथे वाट नाही तिथे चारही चाकांना कुलूप असून काय करणार? आपले पाय आणि आपली अक्कल हीच तिथली साधनं.

या पावसाळ्यात सुनेनं तो खटका चार वेळा वापरला. चारही वेळा गाडी वर चढली. पाचव्या वेळी ओढ्याला पाणी फार होतं. तिनं गाडी अलीकडेच ठेवली, औषधांची पेटी पाठीला लावली आणि वाडीतल्या दोघांना सोबत घेऊन लांबच्या साकवावरून चालत गेली. घरी आली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. "कालवड झाली," एवढंच म्हणाली आणि गरम पाण्याला बसली.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे थार-जीप नसेलही. पण दारात ट्रॅक्टर असेल तर आज जरा त्यावर चढून टाचेजवळचं ते पेडल शोधा. कधी दाबायचं, कधी सोडायचं, हे घरातल्या चालवणाऱ्याला विचारा. त्याला माहीत असेल तर तुम्ही शिकाल. आणि नसेल तर आता तुम्ही त्याला सांगू शकता!